मी दार ओढत होतो

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आंबागडच्या लग्नात मी गाडीचं दार धरून उभा नव्हतो. मी दार ओढत होतो. धरणं आणि ओढणं यात फरक असतो, आणि तो फरक भंडारा जिल्ह्यातल्या एकाही माणसाच्या लक्षात येऊ नये याचा मला संताप आहे. परवा तुमसरच्या बसस्टँडवर एका अनोळखी गृहस्थाने मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमीच ना जी थे मामा? मोटरसायकलसाठी दार धरणारे?" मी आयुष्यात कोणाकडून फुकटचं पेनसुद्धा घेतलेलं नाही. तेव्हा झालं काय, ते आता मीच सांगतो.

गाडी माझी जुनी आहे, म्हणजे दुसऱ्याने जुनी करून मला नवी म्हणून विकलेली. पण चांगली चालत होती. एके संध्याकाळी जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरसमोर गाडी लावली, उतरलो, दार लावलं, आणि छतातला दिवा विझेना. समोरच्या पट्टीवर लाल रंगात दार उघडं असलेल्या गाडीचं चित्र आलं आणि टुंग टुंग असा आवाज सुरू झाला. मी चारी दारं पाहिली, बंद होती. बायकोला बोलावलं, तिने पाहिली, बंद होती. पण गाडीचं म्हणणं एकच, मागचं डावं दार उघडं आहे. मी सरकारी नोकर आहे. समोर ढळढळीत दिसणारी गोष्ट वर मान्य नसेल तर ती नाही असं समजायची मला सवय आहे, पण ती ऑफिसात. घरच्या गाडीने माझ्याशी असं वागावं हे मला पटलं नाही.

"गाडी खोटं कायले बोलन?" सुशीला म्हणाली. "तुमीच नीट लावलं नसन."

पंचवीस वर्षांच्या संसारात तिने माझा शब्द कधी असा चटकन मानला नाही, जसा त्या डब्याचा मानला. मी दार पुन्हा उघडून लावलं. दिवा तसाच. सकाळी बॅटरी मेली होती आणि मी स्टोअर विभागात डबा हातात घेऊन पायी गेलो.

आता इतकंच असतं तर मी गाडी तशीच झाकून ठेवली असती. पण माझ्या भाच्याचं लग्न तोंडावर आलं होतं. भाचा म्हणजे अमर, माझ्या चंद्रकलाताईचा एकुलता एक मुलगा, चिखल्याच्या खाणीत टाइम ऑफिसमध्ये कारकून. भाऊजी वारल्यापासून त्या घरात वडीलधारा पुरुष म्हणजे मीच. मुलगी आंबागडची, डिंपल. तिचे वडील, म्हणजे आमचे इवाई, गोपीचंद आसपासच्या तलावांत मासेमारी करतात आणि मासळी तुमसरच्या बाजारात नेऊन विकतात. आम्हीही मूळचे तळ्याकाठचेच, माझे वडील फॅक्टरीत लागले म्हणून मी आज पंख्याखाली बसतो. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी अमरने भर मांडवात सांगितलं होतं, "मले काहीच नाई पायजे. नारळ आणि पोरगी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मामा या नात्याने मी उठून हुंडाबंदीवर भाषण केलं. ते जरा लांबलं, कबूल आहे, पण मुद्देसूद होतं. आणि भाषणाच्या भरात मी जाहीर केलं की नवरदेव भाड्याच्या गाडीने येणार नाही, मामाच्या गाडीने येईल. म्हणजे लग्नाला ती गाडी लागणारच होती, आणि चारी दारं लागत-उघडत असलेली लागणार होती.

आमच्या वसाहतीत कोणाच्या गाडीचं बॉनेट उघडलं की लोक हातातला चहा ठेवून येतात. माझ्या गाडीचं तर दार उघडं होतं. शेजारचे केवळराम सर्वांत आधी आले. केवळराम लॅबमध्ये आहेत आणि त्यांना सगळ्यातलं कळतं, हे त्यांनीच मला अनेकदा सांगितलं आहे.

"आपटा," ते म्हणाले.

"काय आपटू?"

"दार आपटा जी! तुमी दार असं लावता जसं आत पोरगं झोपलं आहे."

मी आपटलं. दिवा चालूच. मग त्यांनी आपटलं. मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने आपटलं. आपल्या हाताने आपटलं तर विझेल असा प्रत्येकाला विश्वास होता. आमच्या सेक्शनचे साहेब सायंकाळी फिरायला निघाले होते, त्यांनीही आपटलं, आणि साहेबांनी आपटल्यावर दिवा क्षणभर मंद झाला असं दोघातिघांनी शपथेवर सांगितलं. माझी दाराची काच आतून खडखडायला लागली. कोणी तरी म्हणालं, "सेन्सर गेला." झालं, त्या दिवसापासून वसाहतीत सगळे सेन्सर हा शब्द असा वापरू लागले की जणू तो त्यांच्या शेतात पिकतो.

मी मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ पाहिला. त्यात एका सज्जनाने समजावून सांगितलं की दाराच्या कुलपाच्या आत, जिथे ते खटका खाऊन बसतं तिथे, एक इवलंसं बटण असतं. दार बसलं की ते दाबलं जातं आणि गाडीला कळतं. धूळ जाऊन ते बटण अडकलं की दार लागलेलं असूनही गाडीला ते उघडंच वाटतं. इथवर मला सगळं समजलं. पण पुढे त्या सज्जनाने एका मिनिटात दाराचं कव्हर काढून दाखवलं आणि मी व्हिडिओ बंद केला. आपली मर्यादा ओळखणं यालाही शहाणपण लागतं.

मी त्यापेक्षा सोपा उपाय केला, छतातला बल्बच काढून टाकला. बल्ब नाही तर दिवा नाही आणि दिवा नाही तर बॅटरी उतरणार नाही. हा उपाय मला स्वतःला सुचला होता आणि मी त्यावर दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही भंडाऱ्याहून साड्या घेऊन परत येत होतो, अंधार पडला होता, आणि वसाहतीच्या गेटवर पहारेकऱ्याने हात केला.

आमच्या गेटचा नियम जुना आहे. दिवस मावळला की गाडीचे मोठे दिवे मंद करायचे आणि आतला दिवा लावायचा, म्हणजे आत कोण बसलं आहे हे पहारेकऱ्याला दिसतं. नियम योग्यच आहे. इतके दिवस माझ्या गाडीचा दिवा अखंड जळत होता आणि पहारेकरी मला सलाम करत होता.

"अंदर की लाइट जलाइए," तो म्हणाला.

"बल्ब नहीं है," मी म्हणालो.

"क्यों नहीं है?"

"निकाला है."

"क्यों निकाला है?"

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर दाराच्या कुलपातल्या बटणापासून सुरुवात करावी लागली असती. मी केली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लाइट जलाइए." मागे गाड्यांची रांग लागली, कारण फॅक्टरीची पाळी सुटली होती. अखेर सुशीलेने मोबाइलचा टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरला आणि मग माझ्या तोंडावर धरला. पहारेकऱ्याने आम्हाला निरखून पाहिलं, ओळखपत्र मागितलं, आणि शेजारच्याला विचारून सोडलं. रांगेत मागे केवळराम होते. त्यांनी घरी पोहोचण्याआधीच सगळ्यांना सांगितलं की धनंजयभाऊला गेटवर उतरवून ठेवलं होतं. मला उतरवलं नव्हतं. मी बसलेलाच होतो. पण माझं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी बल्ब परत लावला आणि गाडी जागेश्वर मिस्त्रीकडे नेली. जागेश्वरचं गॅरेज हायवेला लागून आहे. त्याने गाडीला दुरूनच पाहिलं आणि एक डोळा मिटला.

"वायरिंग," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "कुलपाच्या आत एक बटण असतं, ते..."

"साहेब, मोबाइल पाहून आले का?"

डॉक्टरसमोर आणि मिस्त्रीसमोर माणसाने मोबाइल पाहून आलो असं कधी कबूल करू नये. जागेश्वरने छताचा दिवा काढून नवा लावला, तो पहिल्यापेक्षा जास्त प्रकाशाने जळू लागला. मग त्याने मागच्या डाव्या दाराचं कव्हर उचकटलं, आतल्या वायरी बाहेर ओढल्या, एक तोडली, दोन जोडल्या, आणि कव्हर बुक्क्या मारून परत बसवलं. दिवा विझला. मी आनंदाने त्याचा हात हातात घेतला. घरी पोहोचेपर्यंत दिवा पुन्हा लागला होता, आणि आता त्या दाराची काचही खाली होत नव्हती. फोन केला तर म्हणतो, "काच कायले पायजे जी? थंडीचे दिवस आहेत." कव्हर बसवल्यावर उरलेल्या, मुठीत धरून आणलेल्या प्लास्टिकच्या खिट्या मी टेबलावर ठेवल्या. त्या कुठल्या, हे त्यालाही माहीत नव्हतं.

ताईचे फोन सुरू झाले होते. "धनू, गाडी तयार आहे ना? पाहुण्यांमंधी सांगून बसली मी." मी म्हणायचो, "अगदी तयार." खोटं बोलताना माणसाचा आवाज जरा जास्त मोठा होतो, तसा माझा होत होता.

आणि मग केवळराम बाटली घेऊन आले. त्यांच्या गावाकडे जवस पिकतं, आणि घाण्याचं जवसाचं तेल ते दरवर्षी आणतात. त्यांच्या घरात त्याच्यावर फोडणी बसते, पोरांचे कान त्याच तेलाने बरे होतात आणि माझ्या माहितीप्रमाणे एका म्हशीचं पोटही त्याने बरं झालं आहे.

"ह्या तुमच्या मशीनी तेलांत काय दम नाई," ते म्हणाले. "आमच्या घरी बिजागऱ्यांले, कोंड्यांले, साऱ्यांले हेच. घाला बिनधास्त."

मी खटक्याच्या फटीत तेल सोडलं. दार उघडझाप केलं. आणि लोकहो, दिवा विझला! लाल चित्र गेलं, टुंग टुंग थांबलं. मी पुन्हा उघडलं, दिवा लागला, लावलं, विझला. मी केवळरामांना मिठी मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं म्हणणं खरं ठरलं होतं, दोष त्या बटणाचाच होता. मी जागेश्वरला मुद्दाम फोन करून तसं सांगितलं. त्यानंतर लग्नापर्यंत मी रोज सकाळी देवाला फूल वाहिलं की दाराला तेल वाहायचो. थोड्याने इतका गुण आला तर जास्तीने जास्त येईल, असा साधा हिशेब. लग्नाआधीचे दोन दिवस मात्र मी दार मुद्दाम उघडलं नाही. चांगलं लागलं आहे तर कशाला छेडा, असा विचार केला. कुठल्याही समंजस माणसाने हेच केलं असतं.

लग्नाच्या सकाळी चिखल्याला गाडीवर झेंडूच्या माळा चढल्या. मागे अमर बसला, फेटा, मुंडावळ्या, शेरवानी, हातात कट्यार. तो उजव्या दाराने चढला, आणि मग त्या बाजूला नवरीच्या साड्यांची पेटी, पेटीवर ओटीचं सामान आणि त्यावर ताईने दिलेली मिठाईची टोपली असं छताला टेकेपर्यंत रचलं. पुढे सुशीला आणि मी. वऱ्हाड मागून बसने. मी अमरला वाटेत बजावून सांगितलं, "तिथे पोचल्यावर जागचा हलायचं नाही. मी उतरून येईन, तुझं दार मानाने उघडेन, मग तू उतर. लग्न एकदाच होतं." तो "बरं मामाजी" म्हणाला. मुलगा आज्ञाधारक आहे, हेच पुढे अंगाशी आलं.

आंबागडला किल्ल्याच्या डोंगराखाली गोपीचंदांच्या घरासमोर मांडव होता. डीजे दणाणत होता. मी गाडी अशी लावली की डावं दार थेट मांडवाच्या कमानीसमोर यावं. त्यासाठी उजवी बाजू भिंतीला इतकी खेटवली की मला स्वतःला सुशीलेच्या मागून डाव्या दाराने सरकत उतरावं लागलं. पण गाडी लागली सुरेख. समोर सखाबाई, म्हणजे नवरीची आई, आरती घेऊन उभ्या. दोन्ही बाजूंना बाया, पाय धुवायला पाण्याचा गडवा. मी कोट सारखा केला, मागच्या दारापाशी गेलो, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि कडी ओढली.

दार उघडलं नाही.

मी हसून पुन्हा ओढली. मग न हसता ओढली. मग एक पाय गाडीला लावून ओढली. आतून अमर आतली कडी ओढत होता. तोंडाने काही तरी सांगत होता, पण काच खाली होत नव्हती आणि डीजेमुळे मला माझाही आवाज येत नव्हता.

इथे आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. आमच्या भागात नवरदेव रुसतो. पूर्वी तो पंगतीत रुसायचा, पानावर हात धरून बसायचा, सासरा काही तरी कबूल करायचा आणि मग घास उचलायचा. घरोघरी गाड्या आल्यापासून नवरदेव गाडीतच रुसतात. मांडवासमोर गाडी थांबली आणि नवरदेव उतरला नाही, तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. आणि अशा वेळी दारापाशी मामा उभा असतो, कारण भाव मामा ठरवतो.

"रुसला वाटते," बायांत कोणी तरी म्हणालं.

"पण थो त् काही नको म्हणत होता ना?"

"म्हणतात जी सारेच. मामाने भाषण केलं होतं तवाच मी म्हटलं, हा मानूस लय बोलते, काही तरी घेईन."

गोपीचंद गर्दीतून पुढे आले. त्यांच्या बोटात एक अंगठी होती, ती त्यांनी काढली आणि काचेसमोर धरली. अमर घाबरला. त्याने दोन्ही हात जोरजोराने हलवले. त्याला म्हणायचं होतं, तसं काही नाही. गर्दीला समजलं, अंगठी चालणार नाही.

"खाणीत नोकरीवर आहे पोरगा," एक म्हातारा म्हणाला. "अंगठीत काय होते?"

तेव्हा अमरने समजावून सांगण्यासाठी कडीकडे बोट दाखवलं आणि मूठ धरून मनगट खालीवर फिरवलं, म्हणजे कडी फिरते पण उघडत नाही. मी ते स्पष्ट ओळखलं. पण मांडवातल्या शेकडो लोकांनी एका सुरात वेगळंच ओळखलं. मूठ धरून मनगट फिरवणं म्हणजे अॅक्सिलरेटर.

"मोटरसायकल!"

मी ओरडलो, "नाही! दार! दार अडकलं आहे!" आणि दार आणखी जोराने ओढायला लागलो. नवरीकडचे दोन धट्टेकट्टे गडी आले, त्यांनी मला दोन्ही दंडांना धरलं आणि अतिशय आदराने मांडवात नेऊन खुर्चीवर बसवलं. "मामाजी, दार सोडा जी. इतकं नोका ताणू. देऊन राहिले ना ते." एकाने माझ्या खांद्यावर शेला टाकला, दुसऱ्याने हातात नारळ दिला. मी नारळ फेकला, तर म्हणाले, "मामालेही अंगठी पायजे वाटते." मी उठलो की मला बसवत. मी ओरडलो की सरबत देत. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने पंचवीस वर्षं स्टोअरच्या चाव्या सांभाळल्या आणि एक खिळा घरी नेला नाही, त्याला भर मांडवात सरबत पाजून गप्प करत होते.

तिकडे गोपीचंदांच्या हातात मोटरसायकलची चाबी दिसायला लागली. इतक्यात डीजे थांबला. घरातून डिंपल बाहेर आली होती. अंतरपाटाआधी नवरीने नवरदेवासमोर येऊ नये, पण ती आली, पिवळ्या साडीत, हाताला ओली हळद, आणि मागून तिला आवरणाऱ्या मावश्यांची रांग.

"बाबा," ती म्हणाली, "थे चाबी खिशात ठेवा. मोटरसायकल पायजे असन त् मोटरसायकलशीच लगन लावून द्या याचं. मले नाई करायचं."

ताई बसमधून नुकतीच उतरली होती, ती तिथेच कमानीचा बांबू धरून उभी राहिली. एका दारापायी माझ्या बहिणीच्या मुलाचं लग्न मोडत होतं, आणि मी शेला पांघरून बसलो होतो.

डिंपल सरळ गाडीकडे गेली, पुढचं दार उघडून सुशीलेच्या जागी बसली आणि दार लावून घेतलं. काचेतून आम्हाला सगळं दिसत होतं. ती मागे वळून काही तरी बोलली. अमरने हात जोडले. ती पुन्हा बोलली. त्याने कडीकडे बोट दाखवलं. तिने मागे वाकून स्वतः कडी ओढली, एकदा, दोनदा. मग दोघं एकमेकांकडे पाहत राहिले, आणि डिंपल बाहेर आली.

"दार बिघडलं आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "थो नाई रुसला."

"पाहा," तो मघाचा म्हातारा म्हणाला, "आतापासूनच नवऱ्याची बाजू घेऊन राहिली."

मी त्या म्हाताऱ्याच्या अंगावर जाणार होतो, पण सुशीला आधी बोलली. ती दारापाशी वाकून खटक्याच्या फटीत नख घालत होती. "अहो, हे काय घातलं यात? जवसाचं तेल? कढईच्या काठाले जवसाचं तेल वाळलं की गोंदासारखं बसते, घासून घासून हात मोडते. रोज घालत होते का तुमी?" मग तिने मान वर केली. "मले एक डाव विचारलं असतं!"

अमर शेवटी पुढच्या दोन सीटांमधून निघाला. फेटा छताला अडकून सुटला, शेरवानी काखेत उसवली, आणि उलटा सरकत आल्यामुळे पुढच्या दारातून आधी त्याचे पायच बाहेर आले. सखाबाईंनी वेळ न घालवता ते धुतले. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. दोघं हार घालताना एकमेकांना पाहून हसत होती, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. पण पंगतीत माझ्या पानावर दोनदा जास्तीची मिठाई वाढली गेली, आणि वाढणारा डोळा मारून म्हणाला, "मामाजी, नाराज नोका राहू." मी जेवलो नाही. त्याचाही वेगळा अर्थ काढला गेला.

हात धुवायला मांडवाच्या मागे गेलो तेव्हा मला ती मोटरसायकल दिसली. नवी नव्हती. गोपीचंद रोज जिच्यावर मासळी घेऊन तुमसरला जातात, तीच ती. मागचं मासळीचं खोकं दोऱ्या सोडून खाली उतरवलेलं होतं. सीट पुसली होती. टाकीवर कोणी तरी घाईघाईने हळदीचं बोट ओढलं होतं, आणि हॅंडलला हार बांधला होता. मी खुर्चीवर बसून नारळ फेकत होतो तेवढ्या वेळात त्यांनी हे सगळं केलं होतं.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. इतकी माणसं होती तिथे. मास्तर होते, सरपंच होते, दोन ट्रॅक्टरचे मालक होते. दार उघडत नाही म्हणजे दार अडकलं असेल, हे एकालाही सुचलं नाही. प्रत्येकाला मागणीच आधी सुचली, आणि ज्याच्याकडे मागायची त्याने खोकं सोडलंसुद्धा.

गोपीचंद मागून आले. त्यांच्या मुठीत चाबी होती.

"मामाजी," ते हळूच म्हणाले, "पोरगी बोलली, तिचं मनावर नोका घेऊ. आता कोनी नाई इथं. खरं सांगा. दारच होतं ना?"

"दारच होतं!"

"नाई, मनात काही असन त् आत्ताच सांगा. मंग पोरीले ऐकावं लागते."

"चला माझ्यासोबत," मी म्हणालो. मी त्यांचा हात धरून त्यांना गाडीपाशी नेलं. वऱ्हाडातली माणसं पुन्हा पाहायला लागली. मी म्हणालो, "ओढा."

त्यांनी कडीला दोन बोटं लावली, देव्हाऱ्यातल्या मूर्तीला लावावीत तशी.

"असं नाही, इवाई. जाळं ओढता तसं ओढा."

त्यांनी चाबी खिशात टाकली, पाय रोवले आणि ओढलं. काड असा आवाज झाला. दार जागचं हललं नाही. कडी मात्र मुळासकट उपटून त्यांच्या हातात आली.

त्यांनी ती कडी उलटसुलट करून पाहिली. मग भिंतीच्या कठड्यावर बसले, खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत, मला कळेना. दुपट्टा खाली आला तेव्हा डोळे ओले होते, आणि ते पोट धरून हसत होते.

"मंजे खरंच दार होतं!" ते म्हणाले. आणि लगेच एकदम गंभीर होऊन त्यांनी कडी माझ्यापुढे केली. "मामाजी, हे तुमचं मोडलं माझ्यानं. हे मी भरून..."

"खबरदार," मी मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. "ती तुमच्याकडेच ठेवा, इवाई. आणि गावात विचारलं कोणी, तर सांगा, या लग्नात नवरदेवाच्या मामाने काही नेलं नाही. उलट गाडीची कडी देऊन गेला."